परत न आलेल्यांचे फोन

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात मी ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. कुत्र्यांच्या कॅन्सरवरची जी औषधं आणि लसी अजून बाजारात आलेल्या नाहीत, त्यांच्या चाचण्या आमच्याकडे चालतात. चाचणीत दाखल झालेला कुत्रा आणि त्याच्या घरची माणसं, दोघांचंही सगळं मी बघते. तारखा देणं, रक्ताचे नमुने वेळेत गोठवून प्रयोगशाळेत पोचवणं, संमतीपत्र ओळीओळीने समजावून सांगणं, रात्री फोन आला की उलट्या किती झाल्या, पाणी पोटात ठरतंय का हे विचारून डॉक्टरांना उठवायचं की नाही ते ठरवणं. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून मी पदवी घेतली. इथे प्रॅक्टिस करायची तर परदेशी पदवीधरांना वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. त्या देता देता पोटापाण्यासाठी हे काम धरलं आणि त्यात जीव गुंतला.

प्रयोगातले कुत्रे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिंजरे येतात. आमच्याकडे येतात ते घरातले कुत्रे, सोफ्यावर झोपणारे, पोरांच्या हातातलं बिस्किट पळवणारे. त्यांना कॅन्सर कुणी टोचलेला नसतो, तो आपसूक झालेला असतो, आणि म्हणूनच त्यांच्याकडून जे कळतं त्याला किंमत आहे. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर घ्या. वाढीच्या वयातल्या मुलांना होतो तो आणि मोठ्या जातीच्या कुत्र्यांना होतो तो, दोन्ही इतके सारखे आहेत की मुलांचा हात-पाय वाचवून फक्त रोगट हाड काढायच्या शस्त्रक्रियेतलं पुष्कळ काही कोलोराडोच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात कुत्र्यांवर उपचार करताना शिकलं गेलं. मुलांमध्ये हा आजार अमेरिकेत वर्षाला हजाराच्या आतच दिसतो, कुत्र्यांमध्ये मात्र दहा हजारांच्या वर. इथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २००३ साली कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी वेगळा कार्यक्रम उघडला तो याच विचाराने.

ट्रायलचे बहुतेक कुत्रे मंगळवारी येतात आणि त्या दिवशी आमचा वेटिंग हॉल भरून जातो. तीन पायांचा ग्रेहाउंड, प्लीहा काढलेली आणि पोटावरचे केस अजून न उगवलेली गोल्डन रिट्रीव्हर, मानेखालच्या गाठी केमोने विरघळलेला बॉक्सर. त्यांची माणसं आधी आपापल्या फोनमध्ये बघत बसतात. मग कुणीतरी विचारतं, ‘तुमच्याकडे कुठला?’ उत्तर येतं, ‘लिम्फोमा. तुमच्याकडे?’ त्यानंतर त्यांना आमची गरज उरत नाही. पाय काढल्यावर गुळगुळीत फरशीवर कुत्रा घसरतो, तर योगासनांच्या मॅट कापून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अंथरायच्या. पाठीवर मूठ असलेला पट्टा घ्यायचा, म्हणजे जिना चढताना उचलायला सोपं जातं. मळमळीची गोळी चीजमध्ये लपवली तर तो चीजवरही संशय घ्यायला लागतो, त्यापेक्षा उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात द्यायची, आणि आधी दोन तुकडे बिनगोळीचे द्यायचे. केमोनंतरचे दोन-तीन दिवस शी उचलताना हातमोजे घालायचे हे आमच्या पत्रकात असतं. पण त्या दिवसांत तो अंगणातल्या ज्या कोपऱ्यात जातो तिथे लहान मुलांना खेळू द्यायचं नाही, हे एका आजोबांनी सगळ्यांना सांगितलं. पुढच्या छपाईत आम्ही ते पत्रकात घेतलं.

मला या हॉलबद्दल फार ममत्व आहे. पण या कामात मुरत गेले तशी एक गोष्ट मला टोचायला लागली. इथे बसलेला प्रत्येक कुत्रा जिवंत असतो.

हे वाक्य वेडगळ वाटेल. पण नव्याने आलेल्या माणसाच्या जागी बसून बघा. रॉटवायलरच्या पुढच्या पायाला मनगटाच्या वर सूज आहे, एक्स-रेमध्ये हाड कुरतडल्यासारखं दिसतंय, डॉक्टरांनी काल ‘ऑस्टिओसार्कोमा’ हा शब्द उच्चारलाय. त्यांनी हेही सांगितलंय की निदान होतं तेव्हाच बहुतेक कुत्र्यांच्या फुप्फुसांपर्यंत रोगाच्या पेशी पोचलेल्या असतात, फक्त एक्स-रेत त्या दिसत नाहीत. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, पाय काढून कार्बोप्लॅटिनची केमो दिली तर दहा महिने ते वर्ष. हे ऐकून सुन्न झालेला माणूस हॉलमध्ये येतो, तर समोर तीन पायांचा ग्रेहाउंड शेपूट हलवत उभा आणि त्याची मालकीण सांगतेय, ‘आम्हाला दुसरं वर्ष चालू आहे!’ ती खरंच सांगत असते. पण त्याच्याच बरोबर दाखल झालेले, ज्यांच्या फुप्फुसांत तिसऱ्या महिन्यातच गाठी दिसल्या, ते कुत्रे मंगळवारी येत नाहीत. त्यांची माणसं कशाला येतील? त्या वाटेवरून गाडीसुद्धा नेववत नाही, असं मला पुढे एकीने सांगितलं.

म्हणजे हॉलमध्ये ऐकू येतात ते अनुभव खरे, तरी त्यांचा एकूण कल आशेकडे झुकलेला. आणि हे फक्त हॉलपुरतं नाही.

पुण्याहून मला एकदा एका काकूंचा फोन आला होता, माझ्या आईच्या मैत्रीण. त्यांच्या गोल्डनला प्लीहेचा हिमँजिओसार्कोमा होता. तो रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, गाठ अचानक पोटात फुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि कुत्रा बसल्या जागी कोसळतो. वेळेवर ऑपरेशन झालं होतं. काकू म्हणाल्या, ‘अगं, तिकडे ती मशरूमची पावडर मिळते ना, येताना आणशील का? सोसायटीतल्या एकीच्या कुत्रीने तिच्यावर वर्षभर काढलं.’ ती पावडर मला माहीत होती. टर्की टेल नावाचं अळंबं लाकडावर वाढतं, त्याच्यापासून ती करतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१२ साली तिच्यावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कुत्रे १५, पाच-पाचांचे तीन गट. सर्वांत जास्त मात्रा मिळालेल्या गटाचं मध्यक आयुष्य १९९ दिवस निघालं. या आजारात हा आकडा मोठा होता, बातमी जगभर गेली, घराघरांत पावडर आली. ज्यांचे कुत्रे टिकले त्यांनी दहा जणांना सांगितलं. ज्यांचे गेले त्यांनी उरलेली बरणी कपाटात ठेवून दिली. मग त्याच विद्यापीठाने १०१ कुत्र्यांवर नीट गट पाडून पुन्हा तपासलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, आणि पावडरीने आयुष्य वाढल्याचं त्यांत दिसलं नाही.

मी काकूंना हे सगळं सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘मग ती एकीची कुत्री वर्षभर जगली ती?’ जगली, काकू. काही कुत्रे जगतात. पावडर न घेतलेलेही काही जगतात, त्यांची गोष्ट सांगायला कुणाला सुचत नाही. पहिल्या अभ्यासावर माझा राग नाही. पाच-पाच कुत्र्यांतून पुढे शोधायची दिशा कळते, तेवढ्यासाठीच तो होता. पुढचे १०१ कुत्रे ज्यांनी दाखल केले त्या मालकांचे मात्र मी मनापासून आभार मानते, कारण त्यांनी दिलेलं उत्तर कुणालाच नको होतं.

आकड्यांचंही तसंच. पेनसिल्व्हेनियातच डॉ. निकोला मेसन यांनी लिस्टेरिया या जीवाणूला कमजोर करून ऑस्टिओसार्कोमावर लस तयार केली. पाय काढून केमो झालेल्या १८ कुत्र्यांना ती दिली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मध्यक आयुष्य ९५६ दिवस आलं. तुलनेला घेतलेल्या जुन्या नोंदींतल्या कुत्र्यांचं ४२३. मालक हा आकडा कागदावर लिहून आणतात आणि ‘अडीच वर्षांहून जास्त!’ असं म्हणतात. मी पेन घेते, एक रेघ ओढते, मधोमध खूण करते. ९५६ ही ती खूण. निम्मे कुत्रे तिच्या अलीकडे गेले. तुमचा कुठल्या बाजूला असेल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. त्यातून ही लस पुढे आणखी कुत्र्यांना दिली गेली तेव्हा काहींच्या शरीरात तोच जीवाणू टिकून राहिल्याचं, गळू झाल्याचं आढळलं. १८ कुत्र्यांत जे दिसत नाही ते पुष्कळ कुत्र्यांत दिसतं, आणि तेही कधी, तर इंजेक्शनं संपल्यावर महिन्यांनी कुणीतरी त्या घरी फोन करून ‘ताप येतो का, लंगडतो का’ असं विचारलं तर.

फोन करायची ही सवय मी परळहून आणली असं मला वाटतं. तिथे शिकताना पाहिलेला कॅन्सर अगदी वेगळा होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर होणारी, रक्त गळणारी ती गाठ कुत्र्याकडून कुत्र्याला संभोगातून लागते. जंतू नव्हे, कॅन्सरच्या पेशीच एका अंगातून दुसऱ्या अंगात जाऊन रुजतात, आणि ही एकच वंशावळ हजारो वर्षं जगभर फिरत आली आहे. त्यावर व्हिन्क्रिस्टीन आठवड्याला एकदा दिलं की काही आठवड्यांत गाठ विरते, बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. चाळीतल्या बाया, स्टेशनबाहेर कुत्र्यांना दूध-बिस्किटं घालणारी माणसं त्यांना पोत्यावर घालून टॅक्सीने आणायची. दोन इंजेक्शनं व्हायची आणि तिसऱ्या आठवड्यात कुत्रा यायचा नाही. बरा झाला म्हणून आला नाही, सापडला नाही म्हणून, की गाडीखाली गेला म्हणून? रजिस्टरमध्ये फक्त कोरा रकाना. त्या कोऱ्या रकान्याने मला तेव्हा फार छळलं होतं. इथे प्रत्येक कुत्र्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे, मग रकाना कोरा का सोडायचा?

चाचणीच्या नियमाप्रमाणे कुत्रा गेल्याची तारीख आणि कारण आम्ही विचारतोच. तेवढं एका मिनिटात होतं. मी त्यापुढे जायला परवानगी मागितली. कुटुंबाची हरकत नसेल तर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा फोन करायचा आणि एवढंच विचारायचं की शेवटचे आठवडे कसे गेले. आमच्या मुख्य डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं. मला धाकधूक होती की लोक फोन ठेवतील. फार थोड्यांनी ठेवला. बाकीचे बोलले आणि पुष्कळ वेळ बोलले, कारण तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एका बाईने आमच्याकडच्या कुठल्याच फॉर्मवर नसलेली गोष्ट सांगितली. तिची हाउंड गाडीला घाबरायची. तीन तासांचा बर्फातला रस्ता, दर आठवड्याला फक्त रक्त द्यायला. आदल्या रात्री चाव्यांचा आवाज झाला की ती पलंगाखाली जायची. ‘औषधाने तिला काही त्रास झाला नाही,’ ती म्हणाली, ‘पण तिच्या राहिलेल्या दिवसांतला प्रत्येक आठवड्याचा एक दिवस आम्ही गाडीत घालवला.’ आमच्या नोंदीत त्या कुत्रीच्या दुष्परिणामांचा रकाना जवळजवळ स्वच्छ होता. उलट्या चोवीस तासांत तिनाहून कमी म्हणजे पहिली श्रेणी, बस्स. त्यानंतर पुढच्या चाचणीपासून मधल्या आठवड्यांचं रक्त कुत्र्याच्या गावच्याच डॉक्टरांकडे काढून कुरियरने मागवायची सोय झाली.

दुसरा फोन मी आयुष्यभर विसरणार नाही. निवृत्त शिक्षक, त्यांचा पॉइंटर. शेवटी फुप्फुसांत गाठी वाढल्या होत्या, श्वास लागत होता. मी विचारलं, शेवटचा आठवडा कसा होता? ते म्हणाले, ‘वाईट. खरं तर शुक्रवारीच त्याला निरोप द्यायला हवा होता. पण मंगळवारी तुमच्याकडे एक्स-रे होता ना. म्हटलं, एवढं सगळ्यांनी केलंय, शेवटची नोंद राहायला नको. म्हणून थांबलो.’

शुक्रवार ते मंगळवार. या माणसाने आमच्या अभ्यासासाठी आपल्या कुत्र्याला चार दिवस धापा टाकू दिलं, आणि तेही कर्तव्य म्हणून, कुणी न सांगता. संमतीपत्रात वाक्य होतं की मालक केव्हाही, कुठलंही कारण न देता बाहेर पडू शकतो. ते चौथ्या पानावर होतं, त्यांनी त्याखाली सहीही केली होती. पण सही केली त्या दिवशी कुत्रा पळत होता. त्यांच्यासारखे आणखी किती असतील ते मी पुढच्या फोनांत विचारू लागले, आणि होते. माणसं आमच्याशी इतकी चांगली वागतात की तो चांगुलपणाच कुत्र्याला महाग पडू शकतो. कोणत्याही औषधाचा हा दुष्परिणाम कुठल्याही रक्ततपासणीत उतरत नाही. आता दर भेटीला, वजन घ्यायच्याही आधी, मी मालकांच्या शेजारी बसून विचारते, ‘आज थांबावंसं वाटतंय का? थांबलात तर आमचं काही बिघडत नाही. आजवर जे दिलंत ते सगळं उपयोगाचं आहे.’ आणि घरी लावायला एक कॅलेंडर देते. चांगल्या दिवसावर खूण करायची. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागले की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, मला फोन करायचा.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम पहिल्याच दिवशी असतं. कुत्रा समोर बसलेला असतो, त्याच्या पुढच्या पायावरचे सलाईनच्या सुईसाठी भादरलेले केस माझ्या बाहीला चिकटलेले असतात, आणि मला विचारावं लागतं, ‘तो गेल्यावर शवविच्छेदनाला परवानगी द्याल का?’ औषध गाठीपर्यंत पोचलं का, कुठे थांबलं, कुठे अपाय झाला, हे त्याशिवाय कळत नाही. पूर्वी मी हा प्रश्न भरभर उरकून टाकायचा प्रयत्न करणारे सहकारी पाहिले आहेत. मी खुर्ची ओढून घेते. काय केलं जातं ते सांगते, अंत्यदर्शनासाठी शरीर नीट शिवून देता येतं ते सांगते, राख परत मिळते, पंजाचा ठसा हवा असेल तर आधीच घेता येतो. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, उपचारात फरक पडणार नाही. एक शेतकरी हे सगळं ऐकून म्हणाला, ‘त्याच्या वतीने सही करायची म्हणजे त्याला विचारायला हवं.’ मग खरंच खाली बसून त्याने कुत्र्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं, बराच वेळ. आणि सही केली.

मालकांनी एकमेकांना अनुभव सांगणं बंद व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या पत्रकांपेक्षा त्यांच्या बोलण्यात शहाणपण जास्त असतं. मला फक्त त्या बोलण्यात सगळ्यांची जागा हवी होती. म्हणून आम्ही मालकांच्या संध्याकाळच्या बैठका सुरू केल्या, नव्याने विचार करणाऱ्यांसाठी, आणि त्यात ज्यांचे कुत्रे लवकर गेले त्यांनाही बोलावलं. कुणी येईल की नाही शंका होती. ते पॉइंटरवाले शिक्षक पहिल्याच बैठकीला आले. शुक्रवार ते मंगळवारची गोष्ट त्यांनी आवाज न चढवता सांगितली आणि शेजारी बसलेल्या ग्रेहाउंडच्या मालकिणीने तिचं दुसरं वर्ष सांगितलं. दोन्ही एकाच टेबलावर.

त्या दिवशी एका रॉटवायलरची मालकीणही होती. तिने दोघांना खूप प्रश्न विचारले. लस दिल्यावर ताप किती यायचा, दर खेपेला किती तास थांबावं लागायचं, पाय काढल्यावर पहिला आठवडा कोण घरी राहिलं. शिक्षकांना तिने विचारलं की पुन्हा वेळ आली तर ते कुत्र्याला दाखल करतील का. ते म्हणाले, करतील, पण शुक्रवारी थांबतील. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, रुग्णालय दोन तासांवर होतं, आणि आमच्या चाचणीत पहिले दोन महिने दर आठवड्याला यावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. चाचणीत नाव घालायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिला माफी मागायची होती, ती मी मागू दिली नाही. पाय काढायची शस्त्रक्रिया आणि नेहमीची केमो तिच्या गावाजवळच्या दवाखान्यात होत होती. तिथल्या डॉक्टरांना मी सगळे एक्स-रे पाठवले, कार्बोप्लॅटिनच्या पहिल्या खेपेची तारीख घेऊन दिली आणि हातमोजे, मॅट, बिनगोळीचे दोन तुकडे, सगळं तिला पुन्हा एकदा सांगितलं. तिचा नंबर माझ्या यादीत आहे. ती आमच्या चाचणीत नाही, तरी मी तिला फोन करणार आहे.